जे, एच म्हणजे श्री

लाल चौकट पडद्यावर उमटली तसा महादेवप्पांनी माऊसवरचा हात झटकन काढून घेतला आणि लुंगीला पुसला. सकाळी आठ वाजता चहा घेत कॉम्प्युटरवर कन्नड पेपर वाचायचा, ही त्यांची निवृत्तीनंतरची सवय. आज पेपर राहिला बाजूला. चौकटीत लिहिलं होतं, बाधित फाइल सापडल्या : तीन. खाली तिन्हींची नावं. पहिली दोन म्हणजे आकड्यांची आणि अक्षरांची नुसती खिचडी. तिसरं नाव मात्र स्वच्छ, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. काव्या.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काव्याच.

"काव्या, जरा इकडं ये गं."

सून केसांना क्लिप लावत बाहेर आली. गळ्यात लॅबचं ओळखपत्र, खांद्याला पर्स, एका हातात लेकीची, महेश्वरीची पाण्याची बाटली. नऊला तिची रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ड्यूटी. जाताना मुलीला शाळेत सोडायचं, म्हणून सकाळी तिची नेहमीच पळापळ.

"काय आप्पा?"

"ह्या कॉम्प्युटरवर तू काही ठेवलंयस का?"

काव्यानं पडद्याकडं बघितलं. मग स्वयंपाकघराकडं बघितलं. तिथं दारात सासू शिवम्मा ज्वारीच्या पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. एवढं सगळं बघून झाल्यावर सून म्हणाली,

"मी? नाही बा. मला कुठं वेळ असतो आप्पा. माझं सगळं मोबाईलवरच."

"मग तुझं नाव कसं आलं हितं?"

"व्हायरस काय, कुणाचंही नाव घेतो." ती हसली, पण हसू काही नीट बसलं नाही. "शिवयोगी भाऊजींना विचारा की. मी निघू? उशीर व्हायलाय."

तेवढ्यात महेश्वरी बूट हातात घेऊन आली आणि आजोबांच्या मांडीवर पाय ठेवून बसली. लेस बांधायचं काम अज्जाचं, हे ठरलेलं. सहा वर्षांची पोर, पण बारीकसारीक सगळं कानावर.

"अज्जा, व्हायरस चावतो?"

"चावतो की. मोठ्या माणसांना आधी."

पोर खिदळली. महादेवप्पांनी दोन्ही बुटांच्या गाठी दोनदा घट्ट केल्या. स्कूटी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे राहिले, आणि मग आत येऊन परत त्या लाल चौकटीसमोर बसले.

आता महादेवप्पांच्या संशयाबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हे. पण बत्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेली, त्यातली अकरा होटगीला. ज्याचं सील फुटलंय ते बघायचं, ज्याचं फुटलेलं नाही ते तर जास्त बघायचं, ही नोकरी. निवृत्त झाल्यावर पार्सलं बंद झाली, नजर कुठली बंद होते! दूधवाल्याची किटली वाकून बघणार, मीटरवाल्याचं ओळखपत्र उलटं करून बघणार. अनोळखी नंबरचा फोन तर त्यांनी आजवर कधी उचलला नाही. शिवम्मा म्हणायच्या, "देवळातला तीर्थप्रसादसुद्धा हे आधी उजेडात धरून बघतात."

पण गेल्या दोन महिन्यांपासूनचा संशय हा असला करमणुकीचा नव्हता. त्यानं त्यांची झोप उडवली होती.

चार वर्षांपूर्वी विजापूर रोडला मोटरसायकलवरून जाताना गुरू गेला. एकुलता एक मुलगा. महेश्वरी तेव्हा दोन वर्षांची. तेव्हापासून त्या पोरीनं ह्या घराला धरून ठेवलं होतं, की घरानं तिला, हे काही सांगता यायचं नाही. तिचं खाणं, तिचा अभ्यास, तिचं आजारपण, सगळ्यात महादेवप्पा. काव्या कामाला जायची, पगार आणायची, मोजकं बोलायची. चांगली होती. पण अलीकडं ती गच्चीवर जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायला लागली होती. महादेवप्पा वर गेले की "बरं, ठेवते" म्हणायची. दोनदा लॅबमधून घरी यायला तासभर उशीर केला. आणि मागच्या सोमवारी तर कपाटातल्या निळ्या फाइलमधून महेश्वरीचा जन्मदाखला गेला.

"आधार अपडेट करायचंय आप्पा तिचं," काव्या म्हणाली होती.

"त्याला दाखला कशाला? बोटांचे ठसे घेतात की."

"मागतात हो."

मागतात! महादेवप्पा काय कालचे नव्हते. काव्याचा भाऊ अक्कलकोटला असतो, मठाच्या मागं त्याचं घर. ती तिकडं जाणार, मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घालणार, त्यासाठी दाखला हवा, हे त्यांनी मनाशी जुळवून टाकलं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे नक्की. आई आहे ती, हक्क तिचाच, हेही त्यांना कळत होतं. पण कळून काय उपयोग? ती पोर घरात नसेल तर सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांनी एकदा अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला विचारला होता.

चौकटीत खाली तीन बटणं होती. दुरुस्त करा. वेगळ्या ठेवा. काढून टाका.

"मी गिरणीत जाऊन येते," शिवम्मा आतून म्हणाल्या. पिशवी आणि डबा घेऊन त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या पाठीशी जरा वेळ घुटमळल्या. "अहो री, टाका की काढून ते. व्हायरस हाय म्हणतंय तर ठेवायचा कशाला घरात?"

"बघतो."

"बघायचं काय त्यात?"

"बघतो म्हटलं ना."

शिवम्मा चपला घालून गेल्या.

महादेवप्पांनी माऊसचा बाण 'काढून टाका'वर नेला. हे दाबलं, की काव्याचा जो काही बेत असेल तो गेला. अर्ज असेल तर अर्ज, वकिलाचं पत्र असेल तर पत्र. कुणी विचारलं तर व्हायरस होता, शिवयोगीला विचारा. त्यांचं बोट तिथं बराच वेळ राहिलं. पण न उघडता माल नष्ट करायचा, हे त्यांच्या हातून बत्तीस वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं. बेवारस पार्सलसुद्धा आधी फोडायचं, आत काय ते लिहायचं, मगच पुढचं. त्यांनी पहिल्या दोन फाइली वेगळ्या ठेवल्या आणि तिसरीला 'दुरुस्त करा' दिलं.

हिरवी पट्टी सरकत गेली. फाइल स्वच्छ झाल्याचं लिहून आलं. त्यांनी ती उघडली.

आत एक पानभर इंग्रजी अक्षरं होती, पण इंग्रजी काही नव्हतं. लहान अक्षर, मोठं अक्षर, मधेच अर्धविराम, मधेच कंस, मधेच बरोबरचं चिन्ह. एकही शब्द लागेना. फक्त आकडे तेवढे ओळखू येत होते, आणि तेही उगाच कुठंकुठं. सून सांकेतिक भाषेत लिहिते! म्हणजे प्रकरण आपण समजलो त्यापेक्षा खोल आहे.

त्यांनी शिवयोगीला फोन लावला. शिवयोगी त्यांचा भाचा, नवी पेठेत त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. हा अँटिव्हायरस त्यानंच टाकून दिला होता.

"मामा, बोला. सकाळ सकाळी?"

"तुझ्या अँटिव्हायरसनं तीन फाइली धरल्या. एक मी दुरुस्त केली. पण उघडली तर आत सगळी किडलेली अक्षरं."

"पेनड्राइव्ह लावला होता का कुणी? बाहेर कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलं की हेच होतंय बघा. तिथनं घेऊन येतात."

"ते मला म्हाईत न्हाय. मला हे वाचायचंय."

"काय दिसतंय? वाचा बघू जसंच्या तसं."

महादेवप्पा पडद्याजवळ सरकले. "पहिल्या ओळीत, मधोमध, मोठा जे. मग लहान एच."

पलीकडं शिवयोगी हसायला लागला.

"मामा, जे एच म्हणजे श्री!"

"काय?"

"श्री हो! व्हायरस न्हाय आणि किडलेलं पण न्हाय. जुना मराठी फॉन्ट हाय हा. आमच्याकडं सगळ्या पत्रिका ह्यातच. कळपाटीवर जे दाबलं की श्र येतंय, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. तुमच्या त्या दुरुस्तीत फॉन्ट उडाला, म्हणून इंग्रजी दिसायलंय. पुढं वाचा की."

"डी. के. मोठा ओ. अर्धविराम. के."

"का... व्... या." शिवयोगीनं बोटांवर मोजल्यासारखं म्हटलं. "काव्या. वहिनीचं नाव हाय की!"

महादेवप्पांना आता ह्या पोराला पुढचं काही वाचून दाखवायचं नव्हतं. "मग हे मराठीत कसं करायचं तेवढं सांग."

"सगळं सिलेक्ट करा, वर फॉन्टचं नाव असतंय तिथं क्लिक करा, यादीत खाली जा. ज्यात टाईप केलंय तो तुमच्या मशीनवर असणारच." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "पण मामा, हे वहिनीनं न्हाय केलेलं. आताची पोरं असलं टाईप करत न्हाईत. ते मोबाईलवर इंग्रजीत लिहितात, आपोआप मराठी होतंय, आणि ते कुठंही उघडलं तरी मराठीच दिसतंय. हा टायपरायटरवाला हात हाय. ज्यांनी जुनी सरकारी टायपिंगची परीक्षा दिली, तीस-चाळीसच्या स्पीडवाले, त्यांनाच हे येतंय. आमच्या दुकानात तसा एकच माणूस उरलाय. तुमच्या घरात कोण हाय तसं?"

"कुणी न्हाय," महादेवप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

तोंडातून 'कुणी न्हाय' निघून गेलं होतं, पण डोक्यात एक कागद उलगडायला लागला होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी अक्कलकोटला मुलगी बघायला गेल्यावर सासऱ्यांनी कौतुकानं दाखवलेला कागद. मराठी टायपिंग, चाळीस शब्द, उत्तीर्ण. मुलगी तेव्हा सोलापूरला मार्केट यार्डातल्या एका ऑफिसात टाईप करायला यायची. महादेवप्पांनी प्रमाणपत्र हातात घेतलं होतं, शिक्का खरा आहे का ते बघितलं होतं, आणि म्हणाले होते, लग्नानंतर नोकरीचं काही जमायचं नाही. मुलगी हो म्हणाली होती. तो विषय तिथंच संपला होता. त्या कागदाचं पुढं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि गुरूनं कॉम्प्युटर आणला तेव्हा आईला खुर्चीत बसवून तो काहीतरी दाखवत होता. 'अव्वा, तुझीच कळपाटी टाकलीय बघ ह्यात.' शिवम्मा लाजून पळाल्या होत्या. महादेवप्पांना वाटलं होतं, पळाल्या त्या कायमच्याच.

त्यांनी सगळा मजकूर निवडला. यादी खाली खाली नेली. चौथ्या नावावर क्लिक केलं आणि पानभर मराठी उमटलं.

वर मधोमध श्री. खाली नाव, काव्या. जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी. समाज : लिंगायत. पुनर्विवाहासाठी. पती गुरू यांचे अपघाती निधन. पालक म्हणून महादेवप्पांचं नाव, पुढं 'रेल्वेतून सन्मानाने निवृत्त'. सन्मानानं, हा शब्द बघून त्यांना कसंतरीच झालं. शुद्धलेखनाची एक चूक नाही, समास दोन्हीकडं सारखा. त्याच्याखाली : अपत्य, एक मुलगी, महेश्वरी, वय सहा. आणि शेवटची ओळ. 'मुलगी आजी-आजोबांकडे राहील.'

ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा छातीतलं ओझं एकदम उतरलं, हे खोटं कशाला बोला. पोर इथंच राहणार होती! दोन महिने ज्या भीतीनं ते जळत होते ती ह्या एका ओळीनं मिटवून टाकली होती, आणि तीही आधीच, त्यांना न विचारता. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यांना सकाळची काव्या दिसली, हातात ती पाण्याची बाटली घेतलेली. तिसऱ्यांदा वाचवेना.

फाटक वाजलं. शिवम्मा पिठाचा डबा कमरेवर घेऊन आत आल्या, पडदा बघितला आणि डबा हळूच खाली ठेवला.

"सापडलं तर."

"कधीपासून चाललंय?"

"श्रावणापासून. तुम्ही दुपारी झोपला की." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "सात रस्त्याजवळ एकाकडं प्रिंट काढल्या. तिथनंच तो मेला व्हायरस आला असणार."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"काय झालं होतं! सांगितलं असतं तर आधी तुम्ही स्थळाचं सील बघितलं असतं, मग त्यांची सही बघितली असती, मग चार दिवस त्या पोरीच्या मागंमागं फिरला असता. तसेही फिरलातच की. बिचारी आधारसाठी दाखला न्यायची तर चोरासारखी न्यायला लागली तिला." शिवम्मांचा आवाज चढला आणि परत खाली आला. "एकतीस वर्षांची हाय हो ती. आपण काय तिला जन्माला पुरणार हावोत? महिनाभर मी तिच्या पाया पडल्यासारखं केलं, तेव्हा हो म्हणाली. गच्चीवर भावाशी तेच बोलत असती. तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून वर जात होती."

महादेवप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आणि ही ओळ? माझं तोंड बंद ठेवायला घातलीस ना ही तू?"

शिवम्मा जवळ आल्या. ओळ वाचायची त्यांना गरज नव्हती.

"मी न्हाय घातली. मी लिहिलं होतं, मुलीला आपलं मानणारं स्थळ पाहिजे. तिनं खोडायला लावलं." त्यांनी डबा उचलून टेबलावर ठेवला. "म्हणाली, अव्वा, हे गेले तेव्हा आप्पा महिनाभर पलंगावरनं उठले नव्हते. महेश्वरीकडं बघून उठले. तिला नेलं तर परत झोपतील ते. मी आठ दिवसांनी येऊन भेटून जात जाईन तिला. ही ओळ राहणार असेल तर लग्न, न्हायतर मला नको. हट्टच धरला. मग मी केलं तसं."

महादेवप्पांना लाज वाटली. साधी नाही, अंगभर वाटली. गच्चीच्या जिन्यावर चप्पल न वाजवता चढलेले आपले पाय आठवले. तिची पर्स खुंटीवर होती तेव्हा एकदा चेन उघडून बघितली होती, तेही आठवलं. आत एक डबा, छत्री आणि महेश्वरीचा केसाचा बँड एवढंच सापडलं होतं, आणि त्याही वेळी त्यांना वाटलं होतं, खरं काय ते दुसरीकडं लपवलं असणार.

ते खुर्चीतून उठले. खुर्ची त्यांनी शिवम्मांकडं वळवली.

"बस."

"काय करायलाय?"

"बस म्हटलं ना. मला ही तुझी कळपाटी येत न्हाय. ती ओळ खोड."

शिवम्मांनी त्यांच्याकडं बघितलं. मग त्या बसल्या, चष्मा लावला, बोटं कळांवर ठेवली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात महादेवप्पांनी बायकोला टाईप करताना आज पहिल्यांदा बघितलं. ती कळांकडं बघतच नव्हती. ओळ शेवटाकडून एकेक अक्षरानं मागं मागं जात नाहीशी झाली.

"विचार केलाय ना नीट?" पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं. "तिला मी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. संध्याकाळी आली की मी सांगतो. रागावली तर रागावू दे." ते खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. "लिही. मुलगी आईसोबत."

कळा पटापट वाजल्या आणि थांबल्या. शिवम्मांची बोटं वरच राहिली.

"पुढं काय लिहू? जाईल का येईल?"

बायकोच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"कागद मुलाकडच्यांच्या घरात वाचायचाय ना," ते शेवटी म्हणाले. "येईल लिही."